पेणचे साचे, रोह्याचा साबण

पेणमध्ये कुणी विचारलं, तुम्ही काय करता, आणि आपण म्हटलं साचे करतो, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'किती फुटी?' म्हणजे किती फुटांच्या गणपतीचा साचा. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य या प्रश्नाला उत्तर देण्यात गेलं. नऊ इंची बालगणेशापासून सहा फुटी सिंहासनावरच्या मूर्तीपर्यंत मी किती साचे केले, याची मोजदाद माझ्याकडे नाही. आता कारखाना माझा मुलगा सुहास बघतो. मी सकाळी येऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी बसतो आणि कुणाचं काही अडलं तरच उठतो.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मला सांगितलं गेलं, तेव्हा सांगणाऱ्याच्या मनात गणपतीच होते. पण गणपतींवर आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी लिहून झालं आहे. मला लिहायचं आहे ते तीन इंची साबणाच्या वडीबद्दल. उभ्या धंद्यात माझी एवढी फजिती दुसऱ्या कुठल्या वस्तूने केली नाही, आणि एवढं समाधानही दुसऱ्या कशाने दिलं नाही.

आधी साचा कसा होतो ते सांगतो. मूळ मूर्ती मातीत घडवायची. तिच्यावर रबराचे पातळ थर एकावर एक चढवायचे. ते वाळले की बाहेरून प्लास्टरचं नाहीतर फायबरचं कडक कवच करायचं, कारण नुसतं रबर उभं राहत नाही. मग कवच उघडायचं, रबर पायमोज्यासारखं सोलून काढायचं, की आत मूर्तीची पोकळी राहते. तिच्यात प्लास्टर ओतलं की पुढचा गणपती. ऐकायला हे सोपं आहे. कारखाना बघायला आलेले पाहुणे साच्याच्या आत वाकून नक्षी बघतात आणि वा वा म्हणतात. साचेवाला नक्षी बघत नाही. सोंडेच्या आतल्या बाजूला, पोट आणि मांडी यांच्या खाचेत माल अडकेल का, वस्तू न मोडता बाहेर येईल का, एवढंच तो बघतो.

हे सगळं मला येत होतं. म्हणून तर फसलो.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि कारखान्यात रंगकामाची गडबड सुरू व्हायची होती. एक बाई आली. पंचेचाळिशीची असेल. खांद्याला मोठी पिशवी, उजव्या मनगटावर भाजल्याचा जुना पांढरा डाग. नाव हिरा, राहायला रोह्याजवळ वरशाला. तिने पिशवीतल्या वस्तू एकेक करून माझ्या टेबलावर मांडल्या. दुधाचा पुठ्ठ्याचा खोका, बर्फाची ट्रे, पाण्याच्या पाइपचा वीतभर तुकडा आणि एक जुना स्टीलचा डबा.

"हा खोका एकदाच चालतो, मग फाडायला लागतो," ती म्हणाली. "ही ट्रे चौथ्या वेळेला तडकली. ह्या पाइपातनं साबण निघंना, लाटण्यानं ढकलून काढला. डब्यातली वडी सुरीनं कापते, तर एक जाडी नि एक बारीक. अण्णा, मला साचा पायजे. टिकणारा."

मग तिने आपली हकीकत सांगितली. अकरा वर्षं ती रोह्याच्या बाजूला एका केमिकल कंपनीत कंत्राटावर होती, कॉस्टिक सोड्याच्या टाक्यांपाशी. मनगटावरचा डाग तिथलाच. कंत्राट बंद झालं. मग बचत गटाच्या शिबिरात साबण शिकली आणि शेजारच्या दोघींना घेऊन घरीच करायला लागली. पुण्यातल्या एका दुकानाला तिच्या उटण्याच्या वड्या आवडल्या होत्या. दिवाळीसाठी त्यांना सहाशे वड्या हव्या होत्या. अट एकच. सगळ्या एका मापाच्या आणि प्रत्येकीवर तुळशीचं पान.

"ह्या वर्षी माल बरोबर गेला तर दर वर्षी घेतील," ती म्हणाली. "नाय गेला तर आम्ही तिघी परत कंत्राटदाराच्या दारात."

"फायबरमध्ये करून देतो," मी म्हणालो. "आरशासारखा होईल."

"अण्णा, त्याच्यात कॉस्टिक असतंय. फायबरला चालंल का?"

मी हसलो. तेव्हा हसायला नको होतं. "ताई, या फायबरच्या कवचातून सहा फुटी गणपती निघतो. तुमची वडी ती केवढी."

मी एवढ्या वर्षांचा साचेवाला, माझ्यापुढे ती काय बोलणार.

साचा मी मन लावून केला. बारा खणांचा, आत चकचकीत, पानाच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात अशा. कारखान्यातल्या पोरांनी हातात घेऊन पाहिला. मीही दोनतीनदा पाहिला. हिरा घेऊन गेली आणि दहाबारा दिवस तिचा काही निरोप नव्हता. मग फोन आला. पहिल्या खेपेला वड्या बऱ्या निघाल्या होत्या. दुसऱ्या खेपेला कोपरे साच्याला धरले. चौथ्या खेपेला बाराच्या बारा चिकटल्या, आणि ओढून काढल्या तेव्हा साबणाच्या पाठीला फायबरचे बारीक काचेसारखे धागे लागलेले दिसले.

इथे मी जे केलं ते लिहायला हात जड होतो, पण लिहितो. मी तिला म्हणालो, "तुमचं मिश्रण कच्चं राहत असेल. प्रमाण बघा."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. आठवडाभर ती आणि तिच्या मैत्रिणी तेलाचं आणि कॉस्टिकचं प्रमाण बदलून बदलून बघत राहिल्या. त्या साच्यातला सगळा माल त्यांनी टाकून दिला. धागे असलेला साबण माणसाच्या अंगाला कसा लावायचा? हे सगळं मला नंतर कळलं. त्या आठवड्यात मी मात्र कोपऱ्यातल्या टेबलाशी निवांत बसून होतो.

मग ती पुन्हा पेणला आली. या वेळी तिच्याबरोबर साचा होता, झाकणाचं स्टीलचं भांडं होतं, हातमोजे आणि चष्मा होता. तिने पोरांना लांब उभं केलं. भांड्यात पाणी घेतलं, त्यात कॉस्टिकचे दाणे थोडे थोडे सोडले. भांड्यातून वाफ आली. माझ्याकडून साच्याचा एक कोपरा करवतीने कापून घेतला, तो तुकडा त्या पाण्यात टाकला आणि झाकण लावलं.

"परवा येते," ती म्हणाली. "तवर कुणी हात लावायचा नाय. तुमीपण नाय."

ते दोन दिवस भांडं माझ्या टेबलावर होतं. जाता येता मी झाकणाकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी ती आली, चिमट्याने तुकडा काढला, दोनतीन पाण्यांनी धुतला आणि माझ्या हातात दिला. चकाकी गेली होती. वरचा थर ओल्या खडूसारखा झाला होता. मी नख लावलं तर नख आत गेलं. कारखान्यातली पोरं बघत होती, सुहास बघत होता.

"हिराताई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. तुमचं मिश्रण बरोबर होतं."

"ते मला ठाव झालंय," ती म्हणाली. "फुडं काय करायचं ते बोला."

पुढचा हिशेब तिनेच मांडला. ओतलेला साबण साच्यात दोन दिवस ठेवावा लागतो. काढल्यावर तो निदान महिनाभर फळीवर सुकवायचा, तोवर वापरायचा नाही, कारण तेवढ्या काळात तो कडक आणि अंगाला सोसेल असा होतो. दिवाळीच्या आधी माल पुण्याला पोचायचा तर बारा बारा खणांचे चार साचे तिला गणपतीच्या आठ दिवस आधी हातात हवे होते. गणपतीच्या आधीचा महिना म्हणजे पेणमध्ये माणसं जेवायला बसत नाहीत, उभ्यानं खातात. त्या महिन्यात मला हे करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी रोह्याला गेलो. जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते आता केलं. साच्यात काय ओतणार, हे आधी डोळ्यांनी बघितलं.

वरशाला हिराच्या घराच्या मागे पत्र्याची पडवी होती. तिथे तिघी तोंडाला फडकं बांधून, मोजे घालून उभ्या होत्या. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही, हे हिराने मला पोरांना सांगावं तसं दोनदा सांगितलं. ते पाणी निवलं की खोबरेल, तिळाचं तेल, थोडं एरंडेल यांच्या मिश्रणात ओतायचं आणि ढवळत राहायचं. हळूहळू ते कढीसारखं दाट होतं. पळीने वरून धार सोडली आणि ती रेघ वर दिसत राहिली की साच्यात ओतायचं. ओतल्यावर मला वाटलं काम संपलं. तासाभराने तिने माझा हात धरून खोक्याच्या बाजूला लावला. खोका गरम होता, पोळ्यांचा डबा असतो तसा. खाली विस्तव नाही, काही नाही. साबण आतल्या आत तापत होता.

"हे असं रात्रभर तापतंय," ती म्हणाली. "तुमच्या फायबरचा जीव ह्याच्यातच गेला."

मी पडवीत पाटावर बसलो आणि डोक्यात एकेक वस्तू घेऊन खोडत गेलो. माझं गणपतीचं रबर? ते तेलाने फुगतं आणि सैल पडतं. फायबर कॉस्टिकने गेलं. अ‍ॅल्युमिनियम ओतून घेऊ का, असं मी विचारलं, तर हिराने नुसतं माझ्याकडे बघितलं. "फसफसतंय नि काळं पडतंय. कंपनीत त्याचा डबासुद्धा टाकीजवळ नेऊ द्यायचे नायत." लाकडाची पेटी कॉस्टिक सोसते, पण आत दर वेळी कागद घालावा लागतो आणि कागदावर पान उमटत नाही. खाऊच्या जाड प्लास्टिकच्या डब्याला कॉस्टिक काही करत नाही, पण तो वाकत नाही, त्यामुळे नक्षीची वडी सोडत नाही.

उरलं सिलिकॉन. ते कॉस्टिक सोसतं, तेल सोसतं, उष्णता सोसते आणि वाकतं. त्यात दोन जाती आहेत. एक स्वस्त, शोभेच्या वस्तू करणारे वापरतात ती. वर्षभरात ती कडक होऊन फाटते. दुसरी महाग, पण वर्षानुवर्षं जाते. हिराला टिकणारा हवा होता. मी दुसरी मागवली.

माल आला आणि मी दुसऱ्यांदा तोंडावर पडलो.

मूळ वड्या मी माझ्या नेहमीच्या तेलाच्या मातीत घडवल्या होत्या. या मातीवर माझा हात बसलेला. संध्याकाळी सिलिकॉन ओतलं, सकाळी उचललं. वरून छान बसलेलं होतं. पण जिथे मातीला टेकलं होतं, नेमकं तिथेच काकवीसारखं चिकट. बोटाला तार येत होती. चारही साच्यांचा माल मी एकदम ओतला होता, कारण वेळ नव्हता. सगळा वाया.

मुंबईच्या विक्रेत्याला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "कशावर ओतलंत?"

"तेलाच्या मातीवर."

"काका, त्या मातीत गंधक असतं. हे सिलिकॉन गंधकाला लागलं की सुकत नाही. तुमच्या रबराचं भांडं, रबराची काठीसुद्धा लावू नका."

ज्या मातीत मी एवढी वर्षं हात घातले, तिच्यात गंधक असतं हे मला त्या दिवशी कळलं.

सुहास माझ्या मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो म्हणाला, "अण्णा, आता हे बंद करा. चारशे मूर्तींचे डोळे राहिलेत. त्या बाईंना सांगा, पुढच्या वर्षी करून देतो."

"पुढच्या वर्षी तिला काम राहणार नाही."

"पण आपलं या वर्षीचं राहील त्याचं काय?"

तो बरोबर बोलत होता. डोळ्यांचं काम तेव्हा आमच्याकडे मीच करायचो. ते उरकलं नाही तर मंडळांची माणसं दारात येऊन उभी राहतात. मी त्याला फक्त सांगितलं, "सुहास, तिच्या वड्या टाकून द्यायला लागल्या त्या माझ्यामुळे. वर मी तिलाच बोललो." तो निघून गेला. मला वाटलं रागावला.

सकाळी आलो तर खिडकीजवळचं टेबल मोकळं केलेलं होतं. झाडून पुसून घेतलं होतं आणि प्लास्टरची धूळ येऊ नये म्हणून भोवती प्लास्टिकचा कागद टांगला होता. टेबलावर नवे डबे आणि नव्या काठ्या होत्या, रबराचा हात न लागलेल्या. आत सुहास पहिल्या मूर्तीचे डोळे काढत होता. त्याने तोवर कधी डोळे काढले नव्हते. मी जाऊन बघितलं. डावा डोळा जरा मोठा झाला होता. मी माझ्या टेबलाकडे वळलो. दहाव्या मूर्तीला त्याचा हात बसला, आणि तेव्हापासून आमच्याकडे डोळे तोच काढतो.

मी सागवानाचे तुकडे घेतले आणि बाराही वड्या लाकडात कोरल्या. मातीत जे तासाभरात होतं त्याला लाकडात दिवस लागतो. पहिली वडी घेऊन हिराला दाखवायला गेलो, तर तिने पानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "अण्णा, शिरा इतक्या खोल नकोत. न्हाताना अंगाला टोचतील." मूर्ती बघायची असते, साबण अंगाला लावायचा असतो. हा फरक माझ्या डोक्यात आलाच नव्हता. शिरा उथळ केल्या. कडा गोल केल्या, कारण टोकदार कोपऱ्यातच साचा फाटायला सुरुवात होते. बाजू वरच्या दिशेने किंचित बाहेर झुकत्या ठेवल्या, म्हणजे वडी सहज सुटेल. लाकडाला लाखेच्या पॉलिशचे चार हात दिले.

या वेळी आधी एकाच वडीवर वाटीभर सिलिकॉन ओतलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो. बोट लावलं. कोरडं होतं. ताणलं, परत जागेवर आलं. दुमडून चिमटीत धरलं. स्वस्त सिलिकॉनमध्ये भेसळ असली की दुमडल्या जागी पांढरी रेघ उमटते. रेघ आली नाही. मग पहिला मोठा साचा केला, आणि त्यात नुसतं पाणी भरून बघितलं तर बाजू फुगल्या. वड्यांना पोट आलं असतं. गणपतीला पोट शोभतं, साबणाला नाही. पण या अडचणीवर मात्र मला कुणाला फोन करावा लागला नाही. रबर उभं राहत नाही म्हणून आम्ही बाहेरून कवच करतो, तेच इथे करायचं. चांगल्या प्लायवूडच्या चार पेट्या केल्या, स्टीलचे स्क्रू लावले, प्रत्येक साचा आपल्या पेटीत घट्ट बसवला. पेटीची एक बाजू उघडते, मग साचा बाहेर घेऊन वाकवता येतो.

गणपतीच्या नऊ दिवस आधी मी चार साचे पोत्यात गुंडाळून एसटीने रोह्याला नेले. तिने आठ दिवस म्हटलं होतं. तो एक दिवस मी स्वतःसाठी राखून ठेवला होता, काही चुकलं तर परत यायला.

त्याच दुपारी तिघींनी पहिला साबण ओतला. दोन दिवसांनी मी पुन्हा गेलो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, तरी गेलो. घरी बसून मला जेवण गेलं नसतं.

हिराने पेटीची बाजू उघडली, साचा बाहेर काढून पाटावर उपडा केला आणि एका खणावर दोन्ही अंगठे ठेवून दाबलं. वडी बाहेर आली. उटण्याच्या रंगाची, कडा साफ, वर तुळशीचं पान. तिने ती उलटसुलट करून बघितली, खिडकीच्या उजेडात धरली, बाजूला ठेवली. दुसरी काढली. तिसरी काढली. तिच्या दोन्ही मैत्रिणी नुसत्या मोजत असाव्यात, ओठ हलताना दिसत होते. बाराव्या वडीनंतर तिने साचा उजेडात धरून आत बघितलं. आत काही चिकटलं नव्हतं.

मग ती खाली बसली. "अण्णा," ती म्हणाली, "तुमी जेवल्याबिगर जायाचं नाय."

त्या दिवशी मी तिच्याकडे तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. इतकं जेवण मी त्या महिनाभरात खाल्लं नव्हतं.

सहाशे वड्या वेळेत झाल्या. पितृपंधरवडा संपायच्या आत शेवटचा साचा रिकामा झाला, आणि तिच्या घरात माणसांना झोपायला जागा राहिली नाही इतक्या फळ्या लागल्या. दिवाळीच्या आधी माल पुण्याला गेला. दुकानदाराने तक्रार केली ती एकच. वड्या कमी पडल्या.

त्या वर्षी आमचे गणपतीही वेळेत गेले. एकाही मंडळाचा माणूस दारात उभा राहिला नाही. हे श्रेय सुहासचं.

पुढे गोष्ट पसरली. घरी साबण करणारे लोक किती असतात याची मला कल्पना नव्हती. पेणचे, रोह्याचे, नागोठण्याचे, अलिबागकडचे लोक येऊ लागले. मी प्रत्येकाला आधी एकच विचारतो, आत काय ओतणार आणि किती वेळा. वर्षातून दोनदा हौसेने करणारी बाई असेल तर तिला मी साचा विकत नाही. घरातला जाड प्लास्टिकचा डबा घ्या, आत कागद घाला, आणि वड्या कापा, असं सांगतो. रोज करणाऱ्याला मात्र स्वस्तातला साचा घेऊ देत नाही. साचा उन्हात वाळवू नका, एकावर एक रचू नका, सुरी आत घालू नका. सुरीने जेवढे साचे मेले तेवढे कॉस्टिकने मेले नसतील.

एक गृहस्थ आठवतात. नागोठण्याचे, निवृत्त, नीटनेटके. त्यांना गणपतीच्या आकाराचा साबण हवा होता.

"तुमच्याइतका चांगला गणपती कोण करणार?" ते म्हणाले. "सणाला लोक हातोहात घेतील."

"करणार नाही," मी म्हणालो.

त्यांना वाईट वाटलं. "का बरं?"

"आठ दिवसांच्या आंघोळीनंतर त्याचं तोंड कसं दिसेल, ते डोळ्यांसमोर आणा."

चहा आला, तो ते प्यायले. मग म्हणाले, "मोदक?"

"मोदक जमेल."

त्या मोदकाच्या कळ्या मी इतक्या मऊ केल्या की साच्यातून तो आपोआप बाहेर येतो. ते गृहस्थ आजही दर वर्षी येतात, आणि दर वर्षी मला साबणाच्या मोदकांचा एक डबा देतात. खाऊन बघायचा मोह होतो इतके ते बरे दिसतात.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. तो एक आठवडा, जेव्हा तीन बायका स्वतःचा माल बरोबर असताना चूक शोधत बसल्या. मी त्याबद्दल हिराला पुन्हा एकदा बोललो, दोन वर्षांनी. ती म्हणाली, "त्या आठवड्यात आमाला प्रमाण पाठ झालं अण्णा. सोडा." तिने सोडलं. मला अजून पूर्ण जमलेलं नाही.

आता तिच्याकडे अकरा बायका काम करतात. पडवीची शेड झाली आहे. त्यातल्या दोघी पूर्वी तिच्याबरोबर कंपनीत कंत्राटावर होत्या.

या वर्षी पावसाळ्यात ती पेणला आली. टॉवेलमध्ये काहीतरी गुंडाळून आणलं होतं. उघडलं तर पहिल्या चारांतला एक साचा, पेटीसकट. कोपऱ्यातला एक खण तळाशी चिरला होता.

"एवढं चिकटंल का बघा," ती म्हणाली.

मी साचा हातात घेतला. गणपतीचा रबरी साचा आमच्याकडे एक हंगाम जातो, फार तर दोन. हा पाच वर्षं कॉस्टिक पीत आला होता. वाकवला, वाकला. सोडला, जागेवर आला. पानाच्या शिरा थोड्या बोथट झाल्या होत्या, पण पान पान होतं. मग पेटी उलटी केली, तर प्लायवूडच्या बाजूवर पेन्सिलीने रेघा ओढलेल्या दिसल्या. चार उभ्या आणि एक आडवी, असे जुडगे, दाटीवाटीने, तिन्ही बाजूंना.

"हे काय?"

"भरला की रेघ. पयल्या दिसापासनं."

मी मोजायला बसलो. चहा आला आणि निवला. साडेतीनशेच्या पुढे गेल्यावर एक बाजू तेलाने पुसट झाली होती, तिथे मी थांबलो. सुहासला हाक मारली. त्यानेही बघितलं. पोरांना बोलावलं, त्यांनी बघितलं. माझ्या हातून सहा फुटी मूर्ती झाल्या, त्यांच्या मिरवणुका निघाल्या, पण त्या दिवशी त्या पेटीसमोर मला जे वाटलं ते कुठल्या मिरवणुकीत वाटलं नव्हतं.

"चिकटवलेल्या खणाचा भरवसा नाही," मी तिला म्हणालो. "हा साचा आता इथेच राहू दे. तुला नवा करून देतो. हा मी समोरच्या भिंतीवर लावणार. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला."

हिराने माझ्या हातातून साचा घेतला, पेटीत बसवला आणि टॉवेलमध्ये गुंडाळायला लागली.

"भितीवर कशाला?" ती म्हणाली. "अकरा खण चांगले हायत अजून. उद्या सकाळी भरायचाय."

आणि पिशवी खांद्याला लावून ती दुपारच्या गाडीने रोह्याला गेली.